समोरचा ऑब्जेक्ट नक्की काय आहे हे टेस्ट स्क्रिप्टला कसं विचारायचं

मॅन्युअल टेस्टिंगवरून, म्हणजे हाताने साइट तपासण्यावरून, ऑटोमेशनला आलेल्या माणसाला सुरुवातीलाच हमखास भेटणारी एक एरर आहे, सेलेनियमची, म्हणजे स्क्रिप्टने ब्राउझर चालवायच्या टूलची, 'एलिमेंट शुड हॅव बीन सिलेक्ट बट वॉज डिव्ह'. म्हणजे तुम्ही म्हणालात हा ड्रॉपडाउन आहे आणि ब्राउझर म्हणतोय कसला ड्रॉपडाउन, हा तर साधा डिव्ह, म्हणजे एचटीएमएलचा नुसता डबा, आहे. मग तो माणूस स्क्रीनकडे बोट दाखवतो, अहो दिसतोय ना, तो बघा बाण, दाबला की यादी उघडतेय! ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, कुठल्याही आयटी पार्कात जा, कुठल्या ना कुठल्या मजल्यावर हा संवाद चालूच असतो, आणि दर वेळी कोणीतरी सिनियर येऊन 'अरे ते कस्टम आहे, क्लिक मार' एवढंच सांगून जातो. कस्टम म्हणजे काय, क्लिक का मारायचं, हे कोणी सांगत नाही. म्हटलं एकदा बसून लिहूनच काढू.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ऑब्जेक्ट सापडणं आणि तो काय आहे हे कळणं ही दोन वेगळी कामं आहेत. ठाण्याला नऊ-दहा नंबरला गाडी लागली हे दिसतं, पण ती वाशीला जाणार की पनवेलला हे इंडिकेटर वाचल्याशिवाय कळत नाही, तसंच आहे हे. लोकेटर, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता, आपला आयडी, एक्सपाथ, सीएसएस जे काय वापरता ते, फक्त पहिलं काम करतो. दुसरं आपण करायचं असतं आणि बहुतेक जण ते डोळ्यांनी करून मोकळे होतात, इथेच गडबड.

उदाहरणाला एक फॉर्म घेऊ. नवी मुंबईत भाड्याने घर शोधायची कुठलीतरी साइट आहे असं समजा. फॉर्मवर नाव आहे, मोबाइल नंबर आहे, मग नोड निवडायचा म्हणजे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ वगैरे, नोड निवडला की त्याप्रमाणे सेक्टरची यादी बदलते, मग पिनकोड, कधीपासून राहायला येणार ती तारीख, 'पार्किंग हवंय' असा एक टॉगल, ओळखपत्राचा फोटो अपलोड करायची जागा आणि खाली सबमिट. माणसाला हा फॉर्म दिला तर तो विचारसुद्धा न करता कुठे टाइप करायचं, कुठे टिक करायचं, कुठे निवडायचं ते करून टाकेल. स्क्रिप्टला मात्र यातलं काहीच दिसत नाही, तिला फक्त टॅग आणि ॲट्रिब्यूट, म्हणजे एचटीएमएलमधली नावं आणि त्यांना लावलेले गुणधर्म, दिसतात.

जुन्या टूलमध्ये हा प्रश्न एवढा बोचायचा नाही. क्यूटीपी ज्यांनी वापरलंय त्यांना आठवत असेल, मूळचं मर्क्युरी इंटरॅक्टिव्हचं, २००६ साली एचपीने मर्क्युरी घेतली, पुढे त्याचं नाव युएफटी झालं आणि फिरत फिरत ते आता ओपनटेक्स्टकडे आहे. त्यात रेकॉर्ड केलं की टूल स्वतःच प्रत्येक ऑब्जेक्टला एक क्लास लावायचं, टाइप करायची जागा असेल तर वेबएडिट, यादी असेल तर वेबलिस्ट, मग वेबचेकबॉक्स, वेबरेडिओग्रुप, वेबबटन, विंडोजचं ॲप्लिकेशन असेल तर विनएडिट, जावाचं असेल तर जावाएडिट. चालू स्क्रिप्टमध्ये सुद्धा 'मिकक्लास' नावाची प्रॉपर्टी विचारली की उत्तर यायचं हा अमुक प्रकारचा ऑब्जेक्ट आहे, आणि लोक त्याच्यावर एक भलंमोठं सिलेक्ट केस लिहून ठेवायचे, एडिट असेल तर सेट करा, लिस्ट असेल तर सिलेक्ट करा, बटन असेल तर क्लिक. टूलला एखादी गोष्ट ओळखता आलीच नाही तर ते त्याला नुसतं वेबएलिमेंट म्हणायचं, म्हणजे काहीतरी आहे बुवा, काय ते माहीत नाही.

आणि सेलेनियममध्ये सगळंच वेबएलिमेंट! टेक्स्टबॉक्स असो, चेकबॉक्स असो, नाहीतर नुसता परिच्छेद असो, हातात येणारी वस्तू एकाच प्रकारची. हे आळसाने झालेलं नाहीये. सेलेनियम २००४ मध्ये जेसन हगिन्सने थॉटवर्क्समध्ये सुरू केलं, नंतर ब्राउझरला कमांड देणारं वेबड्रायव्हर त्यात आलं आणि २०१८ साली वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने वेबड्रायव्हरचं अधिकृत स्टँडर्ड काढलं. त्या स्टँडर्डमध्ये ब्राउझरने फक्त एवढंच द्यायचंय, हा घ्या एलिमेंटचा संदर्भ, याच्यावर क्लिक करा, यात टाइप करा, याचा टॅग विचारा. 'ड्रॉपडाउनमधून तिसरा पर्याय निवड' अशी कमांडच त्यात नाही. आपण जो सिलेक्ट क्लास वापरतो तो वरून बसवलेला मदतनीस आहे, आणि तो बनवताना पहिल्यांदा टॅग तपासतो, टॅग 'सिलेक्ट' नसेल तर तिथेच एक्सेप्शन, म्हणजे स्क्रिप्ट एरर देऊन थांबते. वरच्या एररचं कुळ हे. आणि खरं सांगायचं तर ही एरर फार चांगली आहे, ती आल्याआल्या ओरडून सांगते, न ओरडणाऱ्या भानगडी पुढे येतायत.

तर एलिमेंट हातात आल्यावर त्याला काय काय विचारायचं? टॅग, टाइप आणि रोल, या क्रमाने.

टॅग सोपा आहे. इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया, बटन, ए म्हणजे लिंक. टॅग सिलेक्ट निघाला की विषय संपला, सिलेक्ट क्लास वापरा आणि पुढे चला. एक छोटी सूचना, सेलेनियम टॅगचं नाव लहान अक्षरांत देतं आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टने विचारलं तर एचटीएमएल पानावर कॅपिटलमध्ये येतं, तेव्हा कन्सोलवरून कॉपी मारून तुलना लिहिलीत तर ती कधीच जुळणार नाही.

टॅग इनपुट निघाला की मात्र खरं काम सुरू होतं, कारण इनपुट हा एकटा टॅग बावीस सोंगं घेतो. एचटीएमएलच्या सध्याच्या स्टँडर्डमध्ये इनपुटचे २२ टाइप आहेत, टेक्स्ट, पासवर्ड, ईमेल, टेल, नंबर, डेट, चेकबॉक्स, रेडिओ, फाइल, रेंज, कलर, हिडन, सबमिट असे. आपल्या फॉर्ममधलं नाव, मोबाइल, पिनकोड, तारीख, फोटो, सगळे टॅगने इनपुटच, पण वागणं प्रत्येकाचं वेगळं. आणि टाइप लिहिलेलाच नसेल तर ब्राउझर तो टेक्स्ट धरतो, डेव्हलपरने भलतंच काहीतरी लिहिलं, समजा 'मोबाइल', तरी टेक्स्टच धरतो. बटन टॅगचं याहून मजेशीर, त्याला टाइप दिला नाही तर तो आपोआप सबमिट असतो, म्हणून फॉर्ममधलं 'आणखी एक नंबर जोडा' असलं निरुपद्रवी बटन दाबलं की अख्खा फॉर्मच सबमिट होतो, हा बग दर प्रोजेक्टला एकदा तरी निघतो, बघा तुमच्याकडे.

इथे गेट ॲट्रिब्यूट आणि गेट डॉम ॲट्रिब्यूट यातला फरक कामाला येतो. नाव असलेल्या इनपुटला टाइप लिहिलेला नाहीये असं समजा. गेट ॲट्रिब्यूटने टाइप विचारलात तर 'टेक्स्ट' असं उत्तर येतं, कारण ते ब्राउझरने प्रत्यक्षात काय धरलंय ते सांगतं. गेट डॉम ॲट्रिब्यूटने विचारलात तर नल, म्हणजे काहीच नाही, असं येतं, कारण ते एचटीएमएलमध्ये अक्षरशः काय लिहिलंय तेवढंच सांगतं. प्रकार ओळखायचा असेल तर पहिलंच वापरा, आपल्याला ब्राउझर कसा वागणार यात रस आहे, डेव्हलपरने काय टाइप केलं होतं यात नाही.

आता एकेकाचं वागणं. चेकबॉक्सला चुकूनही व्हॅल्यू विचारू नका. व्हॅल्यू दिलेली नसेल तर ती कायम 'ऑन' असते, टिक केलेली असो वा नसो, त्यामुळे 'व्हॅल्यू ऑन आहे का' असा असर्शन, म्हणजे पास-फेल ठरवणारी तपासणी, लिहिलात तर तो जन्मभर पास होत राहील. त्याला सिलेक्टेड आहे का हेच विचारायचं. फाइलवाल्या इनपुटला क्लिक करायचं नाही, वेबड्रायव्हरच्या स्टँडर्डप्रमाणे तिथे 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' अशी एरर येते, आणि वरचं बटन दाबून खिडकी उघडलीच तर ती ऑपरेटिंग सिस्टिमची असते, ब्राउझरची नाही, तिच्यावर सेलेनियमचा काही हक्क चालत नाही आणि स्क्रिप्ट तिथे बसून राहते. सरळ त्यात फाइलचा पूर्ण पाथ टाइप करायचा, सेंड कीजने. बऱ्याच साइटवर खरा फाइल इनपुट लपवलेला असतो आणि वर सुंदर बटन दिसतं, काळजी नको, लपलेल्या फाइल इनपुटमध्येही पाथ पाठवता येतो, डीफॉल्ट सेटिंगला ते चालतं.

तारखेवर जरा थांबू, कारण हिने लोकांच्या रात्री खाल्ल्यात. टाइप डेट असलेल्या इनपुटला दोन चेहरे असतात. त्याची आतली व्हॅल्यू कायम वर्ष-महिना-दिवस याच क्रमात असते. पण समोर जे दिसतं आणि तुम्ही की मारून जे टाइप करता ते ब्राउझरच्या लोकेलप्रमाणे, म्हणजे देश-भाषेच्या सेटिंगप्रमाणे. तुमच्या लॅपटॉपवर क्रोम भारतीय लोकेलवर आहे, तिथे दिवस आधी येतो, तुम्ही ०३ मग ०४ टाइप केलं, ३ एप्रिल झाली, टेस्ट पास. तीच टेस्ट रात्री जेनकिन्सवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, अमेरिकन लोकेलच्या मशीनवर चालली, तिथे महिना आधी, झाली ४ मार्च. एरर नाही, एक्सेप्शन नाही, फॉर्म सबमिट पण झाला, फक्त भाडेकरू महिनाभर आधीच राहायला आला. आणि तुम्ही २५ तारीख वापरली असती तर निदान काहीतरी विचित्र दिसलं तरी असतं, बाराच्या आतल्या तारखा मात्र बिनबोभाट उलट्या होतात. म्हणून प्रकार डेट आहे हे कळलं की टाइप केल्यावर व्हॅल्यू वाचून तुलना करायची, ती कुठल्याही मशीनवर एकाच क्रमात येते.

नंबर टाइप पण असाच. पिनकोडला आणि मोबाइलला टाइप नंबर देणारे डेव्हलपर अजूनही भेटतात, दिसायला बरोबर वाटतं पण नंबर टाइपमध्ये कमाल लांबीची मर्यादा चालत नाही आणि इंग्रजी ई हे अक्षर चालतं, कारण वैज्ञानिक पद्धतीने आकडा लिहिताना ते लागतं. हे ई लक्षात ठेवा.

आता आपला नोडचा ड्रॉपडाउन. समजा साइट अँग्युलर मटेरियल या तयार कंट्रोलच्या लायब्ररीत बनवलीये. तिथला सिलेक्ट म्हणजे एचटीएमएलचा सिलेक्ट नव्हेच, तो त्यांनी स्वतः बनवलेला टॅग आहे, आत दोन-चार डिव्ह आणि स्पॅन. त्याच्यावर क्लिक केलं की यादी उघडते, पण ती यादी त्या ड्रॉपडाउनच्या पोटात नसते! ती पानाच्या अगदी शेवटी, बॉडीच्या तळाला एका ओव्हरलेमध्ये जन्माला येते आणि नुसती वर आणून दाखवली जाते. त्यामुळे 'नोडच्या आतला ऐरोलीवाला पर्याय' असा एक्सपाथ लिहिलात तर जन्मात सापडणार नाही, डोळ्यांना तर समोर दिसतोय. क्लिक करा, पर्याय येईपर्यंत थांबा, पूर्ण पानात पर्याय शोधा, क्लिक करा. सिनियरच्या त्या 'क्लिक मार'चा अर्थ एवढाच होता.

मग स्क्रिप्टने ओळखायचं कसं की हा डिव्हांचा गठ्ठा म्हणजे ड्रॉपडाउन आहे? इथे तिसरा प्रश्न, रोल. रोल ही गोष्ट टेस्टरसाठी बनलेलीच नाही, ती स्क्रीन रीडर वापरणाऱ्या लोकांसाठी आहे. ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याला सांगायला नको का की इथे चेकबॉक्स आहे, त्यावर टिक आहे? त्यासाठी डब्ल्यूथ्रीसीचं एरिया नावाचं स्टँडर्ड आहे, त्याची पहिली आवृत्ती २०१४ ला आली, या स्टँडर्डप्रमाणे डेव्हलपरने डिव्हला रोल लावायचा, कॉम्बोबॉक्स, ऑप्शन, स्विच, टॅब, डायलॉग असा. सेलेनियम चारपासून एलिमेंटला त्याचा एरिया रोल थेट विचारता येतो, आणि प्लेराइट या दुसऱ्या टूलमध्ये तर गेट बाय रोल ही शोधायचीच पहिली पद्धत म्हणून सांगितली जाते. स्क्रीन रीडरचा प्रश्न आणि आपल्या स्क्रिप्टचा प्रश्न एकच आहे ना शेवटी, दिसत नसताना हे काय आहे ते कळलं पाहिजे.

पण रोल म्हणजे रामबाण नाही. एचटीएमएलच्या साध्या सिलेक्टचाही न लिहिता रोल असतो, एक पर्याय निवडायचा असेल तर कॉम्बोबॉक्स, अनेक निवडता येत असतील तर लिस्टबॉक्स. म्हणजे खरा सिलेक्ट आणि डिव्हांचा बनवलेला सिलेक्ट, दोघांचाही रोल कॉम्बोबॉक्सच! रोल सांगतो की वापरणाऱ्यासाठी हे काय आहे, टॅग सांगतो की हे चालवायचं कसं. नुसत्या रोलवर विसंबून सिलेक्ट क्लास लावलात तर परत तीच पहिली एरर. म्हणून आधी टॅग, मग टाइप आणि मग रोल, हा क्रम उगाच नाही सांगितला.

आणि रोल लावलेलाच नसेल तर? असतंच बऱ्याचदा, नुसता डिव्ह, त्यावर क्लिकचा हँडलर आणि सीएसएसने काढलेला बाण. अशा वेळी क्लासच्या नावावरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा सरळ डिफेक्ट टाका, असं माझं मत आहे. डब्ल्यूकॅगमध्ये, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून असलेल्या नियमावलीत, ४.१.२ नंबरचा निकषच आहे, प्रत्येक कंट्रोलचं नाव, रोल आणि व्हॅल्यू प्रोग्रामला कळली पाहिजे. तो खरा डिफेक्ट आहे, ऑटोमेशनवाल्यांचं रडगाणं नाही, आणि डेव्हलपर कुरकुर करतो पण एक ॲट्रिब्यूट लावायला त्याला फार वेळ लागत नाही.

पार्किंगच्या टॉगलचं बोलायचं राहिलं, न ओरडणाऱ्या भानगडीचा हा नमुना. टॉगल डिव्हचा बनवलेला आहे, रोल स्विच आहे, आत्ता तो चालू आहे. तुम्ही स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, सिलेक्टेड नसेल तर क्लिक कर. सेलेनियमचं 'इज सिलेक्टेड' हे फक्त खऱ्या चेकबॉक्सला, रेडिओला आणि यादीतल्या ऑप्शनला लागू आहे, बाकी कशालाही विचारलं तर ते एरर देत नाही, गपचूप फॉल्स देतं. मग स्क्रिप्ट म्हणते, अरे बंद दिसतंय, क्लिक. आणि चालू असलेलं पार्किंग बंद होतं. अशा टॉगलला 'एरिया चेक्ड' हे ॲट्रिब्यूट विचारायचं. प्लेराइट इथे जास्त शहाणं आहे, त्याच्या चेक कमांडला भलताच एलिमेंट दिला तर ते सरळ सांगतं की हा चेकबॉक्सही नाही आणि रेडिओही नाही.

आयफ्रेम, शॅडो डॉम आणि एसव्हीजी यांच्यावर वेगळा लेख होईल, एसव्हीजीचं, म्हणजे आयकॉनच्या चित्राच्या टॅगचं, तेवढं एक सांगते. बटनावर आयकॉन असेल आणि तुम्ही राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलं तर डेव्हटूल्स बटनाच्या आतला एसव्हीजी नाहीतर त्याच्याही आतला पाथ दाखवतं, लोक तोच एक्सपाथ उचलतात. साध्या एक्सपाथमध्ये एसव्हीजी टॅग सापडतच नाही कारण त्याची नेमस्पेस वेगळी, आणि जावास्क्रिप्टने क्लिक मारायला गेलात तर 'क्लिक इज नॉट अ फंक्शन', कारण एसव्हीजी एलिमेंटला ते फंक्शनच नसतं. दोन पायऱ्या वर चढा, बटन पकडा.

मोबाइलवर, म्हणजे ॲपियममध्ये, गोष्ट थोडी जुन्या क्यूटीपीसारखी आहे, प्रत्येक एलिमेंटला क्लास असतो, अँड्रॉइडला विजेट डॉट एडिटटेक्स्ट, विजेट डॉट स्विच, आयओएसला एक्ससीयूआय एलिमेंट टाइपने सुरू होणारी लांबलचक नावं, पासवर्डची जागा असेल तर सिक्युअर टेक्स्टफील्ड. पण हल्ली जेटपॅक कंपोजमध्ये, म्हणजे अँड्रॉइडचे स्क्रीन बनवायच्या नव्या पद्धतीने, लिहिलेल्या ॲपमध्ये बरंच काही नुसतं व्ह्यू म्हणून येतं, म्हणजे फिरून परत तिथेच.

आत्तापर्यंत पानावरच्या ऑब्जेक्टबद्दल झालं. पण स्क्रिप्टच्या आत जे फिरत असतं त्याचाही प्रकार असतो आणि निम्म्या एरर तिथल्या असतात. 'लिस्ट ऑब्जेक्टला क्लिक नावाचं ॲट्रिब्यूट नाही', पायथॉनवाल्यांची आवडती. कारण एवढंच की फाइंड एलिमेंटच्या जागी फाइंड एलिमेंट्स लिहिलं गेलंय, एक एस जास्त. एकवचनीवालं एक एलिमेंट देतं आणि नाही मिळालं तर एक्सेप्शन टाकतं, अनेकवचनीवालं यादी देतं आणि नाही मिळालं तर रिकामी यादी देऊन शांत बसतं.

ॲपियममध्ये स्विचचं 'चेक्ड' विचारलं की उत्तर येतं ते ट्रू-फॉल्स नसतं, ट्रू-फॉल्स असं लिहिलेली स्ट्रिंग असते. आता पायथॉनमध्ये कुठलीही न-रिकामी स्ट्रिंग खरी धरली जाते, त्यामुळे 'फॉल्स' ही पाच अक्षरांची स्ट्रिंग इफमध्ये टाकलीत तर इफ खुशाल आत जातो. आणि वेबवर सेलेनियममध्ये तेच 'चेक्ड' विचारलं तर टिक असताना 'ट्रू' ही स्ट्रिंग आणि नसताना चक्क नन, म्हणजे पायथॉनचं 'काहीच नाही'. एकच प्रश्न, दोन ठिकाणी दोन तऱ्हा, आणि खऱ्या बुलियन ट्रूशी तुलना केली तर दोन्हीकडे कधीच जुळत नाही.

सगळ्यात जास्त मात्र एक्सेल. आपल्याकडे टेस्ट डेटा एक्सेलमध्ये असतोच, त्याशिवाय कोणाला फ्रेमवर्क पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. पिनकोडच्या कॉलममध्ये ४००७०८ लिहिलंय, ऐरोलीचा. माणसाला तो पिनकोड दिसतो, एक्सेलला संख्या दिसते. जावामध्ये अपाची पीओआय या एक्सेल वाचायच्या लायब्ररीने तो सेल स्ट्रिंग म्हणून वाचायला गेलात तर एक्सेप्शन येतं, न्युमेरिक सेलमधून स्ट्रिंग मिळणार नाही म्हणून. मग लोक संख्या म्हणून वाचतात, ती येते डबल, म्हणजे दशांशाची संख्या, आणि स्ट्रिंग केली की ४००७०८.० होते. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीमध्ये तर गंमत अजून, कॉलममध्ये एखादा जरी सेल रिकामा राहिला तरी अख्खा कॉलम दशांश होतो, म्हणजे काल चालणारी टेस्ट कोणीतरी शेवटची ओळ अर्धवट भरली म्हणून आज फेल.

मोबाइल नंबरचं याहून वाईट. दहा आकडी संख्या जावाने डबलवरून स्ट्रिंग केली की ती वैज्ञानिक पद्धतीने लिहिली जाते, नऊ पॉइंट आठ काहीतरी आणि शेवटी ई नऊ. आता ते मघाचं ई आठवा. मोबाइलची जागा नंबर टाइपची असेल तर ही स्ट्रिंग तिथे एकदम वैध संख्या आहे, फील्ड कुरकुर न करता घेतं! टेस्ट पुढे जाते आणि ओटीपी का येत नाही म्हणून सगळे सर्व्हरचे लॉग चाळत बसतात. उपाय साधा आहे, पीओआयमध्ये डेटा फॉरमॅटर वापरा, तो सेल जसा दिसतो तशी स्ट्रिंग देतो, किंवा एक्सेलमध्ये कॉलमच टेक्स्ट करून ठेवा. पिनकोड, मोबाइल, आधार, फ्लॅट नंबर, ज्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही त्या संख्या नाहीत असं धरून चाला.

भाषा स्वतःही चकवते, जाता जाता. जावास्क्रिप्टमध्ये टाइपऑफ नल विचारलं तर उत्तर 'ऑब्जेक्ट', टाइपऑफ ॲरे विचारलं तरी 'ऑब्जेक्ट', म्हणून ॲरेसाठी ॲरे डॉट इज ॲरे वापरतात. पायथॉनमध्ये ट्रू हा इंटिजर आहे का असं इज इन्स्टन्सला विचारलं तर हो म्हणतो, कारण बूल हा इंटचाच उपप्रकार, तेव्हा दोन्ही तपासायचे असतील तर बूल आधी तपासा.

एवढं सगळं वाचून तुम्ही प्रत्येक टेस्टमध्ये 'हा इनपुट असेल तर असं, डिव्ह असेल तर तसं' लिहायला घेणार असाल तर थांबा. हा तपास एकाच जागी हवा, एका हेल्पर फंक्शनमध्ये, ज्याला एलिमेंट आणि भरायची किंमत दिली की ते टॅग, टाइप, रोल विचारून योग्य ते करेल. आणि या फंक्शनचा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे शेवटचा एल्स. काहीच जुळलं नाही तर तिथे लोक 'चला, क्लिक करून बघू' लिहितात, ते करू नका. तिथे एक्सेप्शन टाका आणि त्याच्या मेसेजमध्ये टॅग, टाइप, रोल तिन्ही छापा, म्हणजे सकाळी रिपोर्ट उघडणाऱ्याला परत ब्राउझर उघडून बघायला लागणार नाही. अजून एक, ओळख पटवली की लगेच काम उरका, एलिमेंट साठवून ठेवू नका. नोड निवडल्यावर सेक्टरचा ड्रॉपडाउन नव्याने काढला जातो, तुमच्या हातात जुना राहतो आणि 'स्टेल एलिमेंट', म्हणजे शिळ्या एलिमेंटची एरर, येते.

या हेल्परचा एक तोटा पण सांगायला हवा, तो फार समजूतदार असतो. पार्किंगच्या जागी कोणी चुकून रेडिओ टाकला, जो एकदा निवडला की परत काढताच येत नाही, तरी हेल्पर म्हणणार रेडिओ आहे ना, ठीक आहे, निवडतो, आणि रिपोर्ट हिरवागार. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो सरळसरळ बग आहे पण स्क्रिप्टने तो पचवला. त्यामुळे जिथे प्रकार हीच रिक्वायरमेंट आहे तिथे हेल्परच्या भरवशावर राहू नका, प्रकारावर स्वतंत्र असर्शन लिहा. मोबाइलची जागा टेल टाइपची आहे का, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीपॅड उघडेल. सबमिट हे खरंच बटन आहे का रंगवलेली लिंक. आणि लॉगिनच्या पानावर पासवर्डचं फील्ड, तिथे डोळ्याचं चिन्ह असतं ना, ते दाबल्यावर त्याच इनपुटचा टाइप पासवर्डवरून टेक्स्ट होतो आणि परत दाबल्यावर पुन्हा पासवर्ड व्हायला हवा. टिंबं दिसतायत का हे स्क्रीनशॉट काढून तपासायची काही गरज नाही, डोळा दाबा, टाइप विचारा, परत दाबा, परत विचारा, चार ओळींची टेस्ट आहे.